बहीण म्हणून आली, तर काय बिघडलं?

गेल्या अभ्यासबैठकीत विषय होता, निवडून येणाऱ्या बायका आणि चळवळ यांचं नातं. कुणीतरी तैवानचा आकडा काढला. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत तिथल्या ११३ जणांच्या कायदेमंडळात ४७ बायका निवडून आल्या. त्याच वर्षी आपल्या लोकसभेत ५४३ पैकी ७४. आकडे ऐकून सगळ्याजणी जराशा गप्प झाल्या. मग तिथल्या एकदोघींची नावं निघाली, त्यात एक हुंग त्स-युंग. न्यू पॉवर पार्टी या लहानशा पक्षाची खासदार, २०१६ ते २०२० अशी चारच वर्षं. ही कोण, असं विचारल्यावर सांगणारीने चार वाक्यांत उरकलं. हिचा भाऊ सैन्यात मारला गेला, त्यावर मोठं आंदोलन झालं, त्या लाटेवर ही निवडून आली, पुढे पक्ष सोडला आणि पडली.

त्यावर आमच्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या, ज्यांच्याकडून मी पत्रक लिहायला आणि पोलिस चौकीत आवाज चढवायला शिकले, चटकन म्हणाल्या, “म्हणजे ही चळवळीतून आलेली नाही. भावाच्या चितेवरून आलेली आहे. अशा बायका आधी भावाच्या, मग नवऱ्याच्या. त्यांचा हिशेब आपण कशाला करायचा?” सगळ्या हसल्या. मीही हसले.

ताई, तेव्हा मी हसले ही माझी चूक झाली. म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या भावाची गोष्ट, कारण तिच्याशिवाय बहिणीची कळणार नाही. तैवानमध्ये मुलग्यांना सक्तीने सैन्यात काही काळ काढावा लागतो. हुंग चुंग-च्यू हा तेवीस-चोवीस वर्षांचा पदवीधर मुलगा ती सेवा संपवत आणला होता. ६ जुलै २०१३ ला तो सुटणार होता. जूनमध्ये त्याच्याकडे छावणीच्या आत कॅमेऱ्याचा फोन सापडला. नियमभंग होता, त्यात वाद नाही. पण त्यासाठी त्याला दुसऱ्या तुकडीच्या शिक्षा-कोठडीत धाडलं गेलं आणि तिथे जुलैच्या उन्हात त्याच्याकडून कवायती करून घेतल्या. ३ जुलैला तो कोसळला. ४ जुलैला इस्पितळात गेला. कारण, उष्माघात. घरी यायला दोन दिवस उरले होते.

पुढची हकीकत कोठडीमृत्यूच्या प्रकरणात काम केलेल्या कुठल्याही मैत्रिणीला तोंडपाठ असेल. कोठडीत कॅमेरे होते, पण नेमक्या वेळेचं ऐंशी मिनिटांचं चित्रण नव्हतं. पडदा काळा. चौकशी करणार कोण? सैन्याचेच वकील. खटला चालणार कुठे? सैन्याच्याच न्यायालयात. ज्याच्या ताब्यात मुलगा गेला त्यानेच सांगायचं की मुलगा कसा गेला.

घरच्यांनी ते ऐकून घेतलं नाही. ही बहीण, तोवर नोकरी करून घरी येणारी एक साधी मुलगी, कॅमेऱ्यांसमोर उभी राहून प्रश्न विचारायला लागली. एकमेकांना फारसे न ओळखणाऱ्या काही नागरिकांनी ‘सिटिझन १९८५’ नावाचा गट केला. १९८५ हा सैन्यातल्या तक्रारींसाठीचा फोन नंबर, त्याचीच ही टर. २० जुलैला तैपेईत संरक्षण मंत्रालयासमोर हजारो लोक पांढरे कपडे घालून उभे राहिले. ३ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष भवनासमोरच्या रस्त्यावर आयोजकांच्या हिशेबाने अडीच लाख. त्या संध्याकाळीला ‘ऑगस्टमधला बर्फ’ असं नाव दिलं होतं. चिनी भाषेत तेराव्या शतकातलं एक नाटक आहे, ग्वान हानछिंगचं. त्यात दोउ अ नावाच्या एका तरुण विधवेला न केलेल्या खुनाबद्दल मारलं जातं, आणि ती म्हणाल्याप्रमाणे भर उन्हाळ्यात बर्फ पडतो. एका तरुण मुलासाठी लाखो लोक जमले, आणि अन्यायाचं जुनं प्रतीक म्हणून त्यांना आठवली ती एक बाई. हे मला फार अर्थपूर्ण वाटतं, पण तो विषय वेगळा.

तीन दिवसांत, ६ ऑगस्ट २०१३ ला, कायदेमंडळाने सैनिकी खटल्यांचा कायदा बदलला. शांततेच्या काळात सैनिकांवरचे खटले यापुढे साध्या नागरी न्यायालयात चालतील. तोवर संरक्षणमंत्री पायउतार झाले होते. तीन दिवसांत कायदा! आपल्याकडे तीन दिवसांत एफ.आय.आर. नोंदवून घेतला तरी आपण पेढे वाटतो.

पण कायदा बदलला म्हणजे न्याय झाला असं नाही. मार्च २०१४ मध्ये पहिल्या न्यायालयाचा निकाल आला. सर्वांत मोठी शिक्षा आठ महिने. काहीजण निर्दोष. एवढ्या गर्दीनंतर आठ महिने.

आता ताईंचा पहिला मुद्दा: ही चळवळीतून आलेली नाही. मग चळवळ म्हणजे काय, हे एकदा बोलू या. तैवानमध्ये या मुद्द्यावर २०१३ च्या आधी कोण लढत होतं? चेन पी-अ नावाची एक आई. लोक तिला ‘हुआंग मामा’, म्हणजे हुआंगची आई म्हणतात. तिचा मुलगा नौदलात सक्तीची सेवा करत होता. १९९५ मध्ये तो जहाजावरून नाहीसा झाला आणि त्याचं प्रेत चीनच्या किनाऱ्याकडे सापडलं. ही आई पुढे वर्षानुवर्षं मंत्रालयांच्या पायऱ्या झिजवत राहिली. सैन्यात मुलगे गमावलेल्या दुसऱ्या घरांना तिने गोळा केलं, संघटना उभी केली. त्याच काळात च्यांग क्वो-छिंग या हवाई दलातल्या एका जवानाकडून मारहाण करून कबुली घेतली गेली. पाच वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून केल्याचा आरोप होता. १९९७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. तो निर्दोष होता, हे २०११ मध्ये सैनिकी न्यायालयानेच मान्य केलं. त्याच्या आईवडिलांनी ती चौदा वर्षं कशी काढली असतील? निकाल यायच्या आधीच वडील गेले होते. आई तेवढी उरली होती ऐकायला.

या बाया कुठल्या अभ्यासवर्गाला बसल्या नव्हत्या. पुरुषसत्ता, लष्करशाही हे शब्द त्यांच्या तोंडी नसतील. पण ‘तुमच्या ताब्यात दिलेला माझा मुलगा कुठे आहे’ हा प्रश्न त्यांनी मांडला, आणि लष्कराला विचारता येईल असा याहून मूलभूत राजकीय प्रश्न मला तरी माहीत नाही. आपणच म्हणतो ना, की व्यक्तिगत ते राजकीय? मग एखादी व्यक्तिगत दुःख घेऊन राजकारणात आली की आपल्या कपाळाला आठी का पडते? नवऱ्याच्या मारहाणीतून उठून आलेली बाई आपल्याला चळवळीतली वाटते आणि भावाच्या प्रेताजवळून उठून आलेली ‘सहानुभूतीची लाट’, हा फरक आपण कुठून आणला?

आपल्याकडे भाऊ हा बहिणीचा पाठीराखा. ओवाळणी घेतो आणि रक्षणाचा शब्द देतो. इथे राज्यसंस्थेपुढे भाऊच उघडा पडला आणि बहीण त्याच्या पाठीशी उभी राहिली, तो गेल्यावरही. ज्या रीतीला आपण इतकी वर्षं नावं ठेवली ती इथे साफ उलटी झाली आहे. आपल्याला आवडायला हवी होती ही गोष्ट.

पुढचं निवडणुकीचं. मार्च-एप्रिल २०१४ मध्ये विद्यार्थी आणि नागरिकांनी चीनबरोबरच्या एका व्यापार कराराविरुद्ध कायदेमंडळाची इमारतच ताब्यात घेतली आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ सोडली नाही. सूर्यफुलांचं आंदोलन म्हणतात ते हेच. त्या सगळ्या घुसळणीतून जानेवारी २०१५ मध्ये न्यू पॉवर पार्टी निघाली. कायद्याचे अभ्यासक हुआंग क्वो-चांग, हेवी मेटल बँडमध्ये गाणारा फ्रेडी लिम आणि ही हुंग त्स-युंग हे तिचे ठळक चेहरे. तिने उभं राहायचं ठरवलं ते आपल्याच भागातून, ताइचुंग शहराच्या तिसऱ्या मतदारसंघातून. समोर कुओमिंतांगची मुरलेली खासदार यांग च्युंग-यिंग. बाईविरुद्ध बाई! जानेवारी २०१६ मध्ये नवखी जिंकली. त्या वर्षी कुओमिंतांगचं कायदेमंडळातलं बहुमत गेलं आणि त्साई इंग-वेन ही पहिली महिला राष्ट्राध्यक्ष झाली. न्यू पॉवरचे पाचजण आले, तीन मतदारसंघांतून आणि दोन यादीतून.

इथे जरा थांबून त्यांची पद्धत समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं ‘बाई डळमळीत निघाली’ या एका वाक्यात जाईल. २००८ पासून तिथे ७३ जागा मतदारसंघांच्या, ३४ पक्षांच्या यादीतल्या आणि ६ आदिवासींसाठी. यादीतल्या जागा पक्षाला मिळालेल्या मतांप्रमाणे वाटतात आणि प्रत्येक पक्षाच्या यादीतून निवडून येणाऱ्यांत किमान निम्म्या बायका असाव्याच लागतात. हे राज्यघटनेत आहे, २००५ पासून. पाच टक्के मतं न मिळालेल्या पक्षाला यादीतून काही नाही. लहान पक्षाला खरी आशा यादीतच. मतदारसंघात लहान पक्ष जिंकतो तो बहुधा कुणीतरी मोठा बाजूला उभा राहिला म्हणून. हुंगच्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाने, आपण डी.पी.पी. म्हणू, उमेदवारच दिला नाही आणि तिला पाठिंबा दिला. म्हणजे तिची जागा पहिल्या दिवसापासून उसनवारीच्या जमिनीवर होती.

आणि चार वर्षं करायचं काय? तर ज्यांच्या कृपेने जागा मिळाली, त्यांच्याच सरकारवर लक्ष ठेवायचं. तीन सदस्य असले की तिथे पक्षाचा गट मानला जातो आणि सर्वपक्षीय वाटाघाटींच्या टेबलावर खुर्ची मिळते. पाचजणांच्या पक्षाची सगळी ताकद त्या खुर्चीत. डी.पी.पी.ने कामगार कायदा मालकांच्या सोयीने सैल करायला घेतला तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये न्यू पॉवरच्या खासदारांनी राष्ट्राध्यक्ष भवनासमोर उपोषण केलं. कायदा तरी मंजूर झालाच. १७ मे २०१९ ला समलिंगी जोडप्यांच्या लग्नाचा कायदा झाला, आशियातला पहिला. तेव्हा मात्र न्यू पॉवरने सरकारच्या बाजूने हात वर केले. एका अंगाने भांडायचं, दुसऱ्या अंगाने साथ द्यायची. लहान पक्षाचा संसार असाच चालतो, सासूशी भांडण आणि स्वयंपाकघर एकच.

२०१९ मध्ये हे भांडण पक्षाच्या घरातच पेटलं. पुढच्या वर्षी त्साईंना पुन्हा पाठिंबा द्यायचा की आपली वेगळी चूल मांडायची? १ ऑगस्टला फ्रेडी लिमने पक्ष सोडला. पंधरवड्याच्या आत हुंग त्स-युंगनेही सोडला. दोघं मतदारसंघातून आलेले असल्याने त्यांची खासदारकी टिकली. यादीतून आलेल्याने पक्ष गमावला तर खासदारकीही जाते, असा तिथला नियम आहे. जानेवारी २०२० मध्ये ती अपक्ष म्हणून, डी.पी.पी.च्या पाठिंब्यावर उभी राहिली आणि त्याच यांग च्युंग-यिंगकडून हरली.

मला तिचा तो निर्णय पटलेला नाही. पाचातले दोन गेल्यावर वाटाघाटीच्या टेबलावरची खुर्ची डळमळते, आणि मोठ्या पक्षाच्या अंगणात गेलेल्या लहान पक्षाच्या माणसाला तिथे कायम पाहुणाच समजतात. तिने पक्षात राहून भांडायला हवं होतं असं मला वाटतं. हे माझं राजकीय मत, आणि ते मी तिच्या निर्णयाबद्दल मांडते आहे. पण ताई, तुमचं वाक्य होतं ‘आधी भावाच्या, मग नवऱ्याच्या’. तुमचा हिशेब सोपा आहे. खासदार असतानाच तिचं लग्न डी.पी.पी.च्या एका तरुण नेत्याशी झालं, म्हणजे झालं, उत्तर सापडलं. नवऱ्याने ओढून नेली.

मग फ्रेडी लिमला कुणी ओढून नेलं? तोच निर्णय, तेच कारण, पंधरा दिवस आधी. त्याला आपण म्हणणार, त्याची भूमिका बदलली. तो २०२० मध्ये अपक्ष म्हणून जिंकला, २०२२ मध्ये त्याला परत बोलावण्याचं मतदान झालं त्यातूनही तरला, पुढे २०२५ मध्ये फिनलंडमध्ये तैवानचा प्रतिनिधी म्हणून नेमला गेला. आणि पक्षाचे ते हुआंग क्वो-चांग? ज्यांनी पक्ष वाढवला, त्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसऱ्याच एका पक्षाची, तैवान पीपल्स पार्टीची वाट धरली, २०२४ मध्ये तिच्या यादीतून खासदार झाले, २०२५ मध्ये तिचे अध्यक्ष. त्यांची बायको कोण, सासरे कोण, हे आपल्यापैकी एकीने तरी विचारलं का? पक्षाचे आणखी एक अध्यक्ष श्यू युंग-मिंग ऑगस्ट २०२० मध्ये लाचेच्या चौकशीत सापडून पायउतार झाले. पक्षाला खरा खड्डा पडला तो तिथे. पण बैठकीत आपल्या लक्षात राहिली ती पक्ष सोडणारी बहीण.

पुरुष पक्ष बदलतो तेव्हा त्याची भूमिका बदललेली असते, बाई बदलते तेव्हा तिचा मालक बदललेला असतो. वर्तमानपत्रवाल्यांनी असं लिहिलं तर आपण निषेधाचं पत्र पाठवतो. आपल्याच सतरंजीवर बसून कुणी बोललं तर हसतो.

आता तुमचा दुसरा मुद्दा, जो तुम्ही हसू ओसरल्यावर मांडलात आणि जो गंभीर आहे. तुम्ही म्हणालात, अशा बायका घराण्याची सोय असतात. पुरुष तुरुंगात किंवा सरणावर गेला की त्याची जागा धरून ठेवायला बाई बसवतात, आणि चळवळीतल्या बायका तशाच दारात उभ्या राहतात. आपल्याकडचा अनुभव पाहता हे खोटं म्हणता येणार नाही. पण तैवानचा अनुभव पाहा, तो इतका सरळ नाही.

१० डिसेंबर १९७९, मानवी हक्क दिन. काओश्युंग शहरात लष्करी कायद्याविरुद्ध सभा झाली, दंगल झाली, धरपकड झाली. मार्च १९८० मध्ये आठ पुढाऱ्यांवर लष्करी न्यायालयात खटला चालला. (त्याच महिन्यात, ८ तारखेला, आपण मथुरा खटल्याच्या फेरविचारासाठी रस्त्यावर होतो. दोन्हीकडे मुद्दा एकच होता, ताब्यात घेतलेल्या माणसाचं राज्य काय करतं हा.) एकाला जन्मठेप, एकाला चौदा वर्षं, बाकी सहाजणांना बारा बारा वर्षं. त्या सहात दोघी बायका, लू श्यू-ल्येन आणि चेन च्यू. दोघी कुणाच्या बायको-बहीण म्हणून तिथे नव्हत्या. लू श्यू-ल्येन, जगाला आनेट लू म्हणून माहीत, हिने १९७४ मध्येच नव्या स्त्रीवादावर पुस्तक लिहिलं होतं. पुढे ती २००० ते २००८ उपराष्ट्राध्यक्ष झाली. चेन च्यू त्याच काओश्युंग शहराची अकरा वर्षांहून जास्त काळ महापौर होती.

पण खटल्यानंतर लगेच, १९८० च्या डिसेंबरात, लष्करी कायदा चालू असताना, निवडणुकीला उभं कोण राहिलं? तुरुंगात गेलेल्यांच्या बायका. याओ च्या-वेनची पत्नी चौ चिंग-यू, चांग चुन-हुंगची पत्नी श्यू रुंग-शू. दोघी निवडून आल्या. १९८३ मध्ये लिन यी-श्युंगची पत्नी फांग सू-मिन निवडून आली. नवरा कोठडीत असताना, २८ फेब्रुवारी १९८० ला, पोलिसांची नजर असलेल्या त्यांच्या घरात तिची सासू आणि जुळ्या मुली भोसकून मारल्या गेल्या होत्या. आजवर कोणावरही गुन्हा शाबीत झालेला नाही. तिथे या बायकांच्या उमेदवारीला म्हणत, नवऱ्याच्या जागी लढाईला निघाल्या. शब्द नवऱ्याचाच मोठेपणा सांगणारा आहे, कबूल. पण लढाईला निघाल्या त्या स्वतःच्या पायांनी. आणि पुरुष सुटून आल्यावर सगळ्याच काही चुलीपाशी परत गेल्या नाहीत. श्यू रुंग-शू खासदार म्हणून पुन्हा निवडून आली. चौ चिंग-यू पुढे चांगहुआ जिल्ह्याची प्रमुख झाली. १९८९ मध्ये संपादक चेंग नान-रुंगने अटकेपेक्षा स्वतःला जाळून घेणं पसंत केलं, तेव्हा जाहिरात कंपनीत काम करणारी त्याची पत्नी येह च्यू-लान त्याच वर्षी खासदार झाली. पुढे मंत्री, मग उपपंतप्रधान. नवऱ्याची रिकामी जागा सांभाळायला एवढी वर्षं लागत नाहीत.

आणि चळवळीतल्या बायका तेव्हा दारात उभ्या होत्या का? नाही. १९८२ मध्ये ली युआन-चेन आणि मैत्रिणींनी ‘अवेकनिंग’ नावाचं स्त्रियांचं मासिक काढलं, लष्करी कायद्याच्या नाकासमोर. त्यांनी कायदे, लग्न, मालमत्ता, नोकरी यांवर काम केलं. पुढे डी.पी.पी.च्या महिला विभागाची पेंग वान-रू हिने पक्षाच्या उमेदवारांत एक चतुर्थांश बायका हव्यात म्हणून पक्षातल्या पुरुषांना नको नको करून सोडलं. ३० नोव्हेंबर १९९६ च्या रात्री, पक्षाच्या अधिवेशनासाठी काओश्युंगला गेलेली असताना, ती टॅक्सीत बसली आणि परत आली नाही. तिचं प्रेत सापडलं. खुनी सापडला नाही. तो एक चतुर्थांशाचा नियम पक्षाने मान्य केला, आणि तो पुढे स्थानिक निवडणुकांच्या कायद्यात आणि मग यादीतल्या निम्म्या जागांपर्यंत वाढत गेला. ते ४७ कुणी दान दिलेले नाहीत. आपल्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये एक तृतीयांशाची घटनादुरुस्ती गाजावाजा करून झाली आणि अंमल मात्र जनगणनेला आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवला, तेव्हा मला पेंग वान-रूची आठवण आली होती.

म्हणजे तिथे दोन्ही धारा वाहिल्या. दुःखातून आलेल्या आणि विचारातून आलेल्या. एकीने दुसरीला दारात अडवलं नाही म्हणून आकडा ४७ ला पोचला, असं मी म्हणेन. तुम्ही म्हणाल, तो कायद्यामुळे पोचला. तेही खरं. पण कायद्यासाठी बळ लागतं, आणि माणसं एकमेकींना पारखून पारखून बाहेर काढत बसल्या तर ते येत नाही.

अजून एक गोष्ट, जी बैठकीत कुणीच सांगितली नाही. हुंगच्या घरचा खटला लढवणाऱ्या वकिलांपैकी एक, छ्यू श्येन-चीह, २०२० मध्ये न्यू पॉवरच्या यादीतून खासदार झाला. त्याच निवडणुकीत ती हरली. म्हणजे पक्षकार घरी आणि वकील सभागृहात. वकिलाने वाईट केलं असं मुळीच नाही. पण एकाच खटल्यातून आलेल्या या दोघांत ‘भावनेच्या लाटेवर आली’ हे आपण फक्त तिच्याबद्दल म्हटलं असतं, आणि वकिलाबद्दल ‘तत्त्वासाठी लढला’.

तिच्या चार वर्षांतून काय उरलं, असा तुमचा शेवटचा टोला होता. २०२४ मध्ये न्यू पॉवरला एकही जागा मिळाली नाही. तीही कायदेमंडळात नाही. पण ऐका. २०२४ पासून तैवानमध्ये सक्तीची सैन्यसेवा चार महिन्यांवरून पुन्हा एक वर्षाची झाली. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लाय छिंग-ते यांनी जाहीर केलं की चीनच्या हेरगिरीला तोंड देण्यासाठी सेवेतल्या सैनिकांच्या काही गुन्ह्यांचे खटले पुन्हा लष्करी न्यायाधीशांपुढे न्यायचा कायदा करू. लाय हे त्याच डी.पी.पी.चे, ज्या पक्षाच्या पाठिंब्यावर ती दोनदा उभी राहिली. हेरगिरीचं संकट खोटं नाही, समुद्रापलीकडून रोज विमानं येतात. तरी मुलगे जास्त काळ छावणीत राहणार आणि छावणीला आपलं न्यायालय परत मिळणार, या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की पोटात गोळा येतो. २०१३ मध्ये ते न्यायालय काढून घेणाऱ्यांत कोण होतं? अडीच लाख पांढरे सदरे, एक बहीण, आणि त्यांच्या अठरा वर्षं आधीपासून पायऱ्या झिजवणारी एक आई. यांतलं कुणी ‘चळवळीतलं’ नव्हतं, तर मग चळवळीतले कोण होते ते मला सांगा.

पुढची बैठक माझ्याच घरी आहे, ताई. जरा लवकर या, बाकीच्या यायच्या आत आपण भांडून घेऊ.